कृषीदूतांनी शाळेत यावे, पण हंगाम पाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांमार्फत आणि कृषी विज्ञान केंद्रांमार्फत शाळांसाठी कार्यक्रम होतात. बहुतेकांचे स्वरूप ठरलेले असते. शाळेची बस विद्यापीठात जाते. मुले शेडनेट, गोठा, रोपवाटिका आणि हल्ली ड्रोन पाहतात, नाष्टा करतात आणि संध्याकाळी परत येतात. नाहीतर कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी गावात येतात, वृक्षदिंडी निघते, निबंध स्पर्धा होते, फलकासमोर फोटो निघतो. यातले काहीच वाईट नाही. पण मुलाला शेती आणि निसर्ग कळायचा असेल, तर पीक वाढताना ते चार-पाच वेळा हाताळावे लागते. शिवाय हे काम मुलांसोबत वर्षभर राहणाऱ्या माणसाला, म्हणजे शिक्षकाला, यावे लागते. आमचे म्हणणे एवढेच आहे. ते कसे जमेल, हे मराठवाड्यातल्या जिल्हा परिषद शाळा आणि खरीप हंगाम डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहोत.

पहिली अडचण तारखांची. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा खरीप मेळावा स्थापनादिनी, १८ मे रोजी असतो. शेतकऱ्यांसाठी ही वेळ अगदी बरोबर आहे, पण शाळा तेव्हा सुट्टीवर असतात. माती परीक्षणाचा नमुना रबीची काढणी झाल्यावर, एप्रिल-मेमध्ये घ्यायचा. तेव्हाही मुले घरी किंवा मामाच्या गावाला. गांडूळखताचा हौद भर उन्हाळ्यात जपावा लागतो आणि तेव्हा शाळेला कुलूप असते. उलट जून ते ऑक्टोबर पीक उभे असते, शाळा भरलेली असते आणि कृषी पदवीच्या सातव्या सत्रातले विद्यार्थी, म्हणजे कृषीदूत-कृषीकन्या, ग्रामीण कार्यानुभवासाठी नेमके त्याच काळात गावात मुक्कामाला असतात. मनुष्यबळ कुठून आणायचे, हा प्रश्नच उरत नाही. त्यांच्या कार्यक्रमातला शाळेचा भाग तेवढा बदलायचा आहे.

सुरुवात उगवण चाचणीने व्हावी. शाळा १५-१६ जूनला उघडतात आणि पाऊस लांबला तर गावात पेरणी व्हायची असते. प्रत्येक मुलाने घरच्या कोठीतले सोयाबीन आणावे. निवडून नव्हे, पोत्यातून जसे येईल तसे. शंभर दाणे मोजायचे. वर्तमानपत्राच्या एका पानाच्या चार घड्या घालून ते भिजवायचे आणि पाणी निथळू द्यायचे. कडेला दोन-अडीच सेंटीमीटरवर एका ओळीत दहा दाणे ठेवून सैल गुंडाळी करायची. अशा दहा गुंडाळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सावलीत ठेवायच्या आणि चार दिवसांनी उघडून मोजायचे. मूळ आणि कोंब दोन्ही धड असलेला दाणाच उगवला म्हणायचा. नुसते टरफल फाटलेला, बुरशी आलेला किंवा मुळाचे टोक तुटलेला दाणा मोजायचा नाही. मुले इथे हमखास उदार होतात आणि टक्केवारी फुगते. दुसरी चूक पाण्याची. कागद चिंब राहिला की सोयाबीन कुजते, आणि मग चांगल्या बियाण्यावर उगाच ठपका येतो.

पुढचे गणित पाचवीच्या मुलालाही येते. उगवण ७० टक्के असेल तर हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३० किलो बियाणे लागते. उगवण ६० टक्केच आली, तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागायचे: एकरी ३५ किलो. त्याहून फार खाली गेली तर ते बियाणे पेरूच नये. हा आकडा मुलाने रात्री घरी सांगितला की शाळेतला धडा त्याच हंगामात शेतात पोचतो. हीच चाचणी सुट्टी लागण्याआधी एप्रिलमध्येही करता येईल, पण तिच्यावर जूनमध्ये विसंबू नये. सोयाबीनचे टरफल पातळ असते. उन्हाळाभर पत्र्याखाली थप्पी लावून ठेवलेल्या आणि उंचावरून आदळलेल्या पोत्यातली उगवण एप्रिलनंतर घसरलेली असू शकते. दोन्ही वेळा चाचणी केली आणि आकडे शेजारी-शेजारी लिहिले, तर साठवणुकीचा धडा वेगळा शिकवावा लागत नाही.

त्याच आठवड्यात पर्जन्यमापक बसवावा. बाटली कापून उलटे तोंड आत बसवण्याचा प्रकार सगळीकडे सांगितला जातो, पण शीतपेयाच्या बाटलीचा तळ खाचखळग्यांचा असल्यामुळे पट्टीवरचे पहिले काही मिलिमीटर खोटे निघतात. त्यापेक्षा सरळ भिंतीचा, सपाट तळाचा डबा घ्यावा. त्यात पट्टी बुडवली की थेट मिलिमीटर मिळतात. दोन-तीन मिलिमीटरची सर पट्टीवर नीट वाचता येत नाही. त्यासाठी डब्याच्या एक तृतीयांश व्यासाची सरळ नळी किंवा बाटली ठेवावी. ९ सेंटीमीटर व्यासाच्या डब्यातले पाणी ३ सेंटीमीटरच्या नळीत ओतले की उंची नऊपट होते. वाचायची आणि नऊने भागायची. डबा झाडाखाली किंवा भिंतीला लागून नको. जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवा. गुरे-कुत्री पाडतात, म्हणून खुंटाला तारेने बांधावा.

हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठची असते आणि जिल्हा परिषदेची शाळा बहुधा त्यानंतर भरते. शाळेजवळ राहणाऱ्या मुलाकडे हे काम सोपवावे. ते जमत नसेल तर रोज शाळेच्या वेळी मोजावे आणि वेळ लिहावी. वेळ बदलत राहिली तर रोजचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. रविवारचे पाणी सोमवारी मोजले, तर ‘दोन दिवसांचे मिळून’ असे लिहावे. या नोंदीचा खरा उपयोग फाटकाजवळच्या फळ्यावर होतो. रोजची बेरीज तिथे लिहिली की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, ही दरवर्षीची शिफारस गावाला आपल्याच शिवारातल्या आकड्यात दिसते. तालुक्याच्या ठिकाणी पडलेला पाऊस आणि आपल्या गावात पडलेला पाऊस यांत किती फरक असतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. वरच्या वर्गांसाठी आणखी एक हिशेब आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेच्या १०० चौरस मीटर पत्र्यावर २० मिलिमीटरची एकच सर पडली तर २,००० लिटर पाणी पन्हाळीतून वाहून जाते.

आता सोयाबीनच्या मुळांकडे. आमच्या मते शाळेत करण्याजोगा यापेक्षा चांगला प्रयोग खरिपात दुसरा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. शाळेच्या आवारात तीन मीटर लांबीच्या तीन ओळी, दोन ओळींत ४५ सेंटीमीटर आणि दोन दाण्यांत ५ सेंटीमीटर अंतर. एका ओळीला साठ दाणे लागतात. पहिली ओळ नुसत्या बियाण्याची. दुसऱ्या ओळीच्या बियाण्याला रायझोबियम जिवाणू संवर्धक चोळायचे. हे जिवाणू मुळांवर गाठी करून हवेतले नत्र झाडाला देतात. तिसऱ्या ओळीतही नुसतेच बियाणे, पण दाण्यांपासून पाच-सात सेंटीमीटर बाजूला, मातीत २५ ग्रॅम युरिया द्यायचा. शिफारशीच्या नत्राच्या हे जवळजवळ तिप्पट होते. युरिया दाण्याला टेकला तर कोंब जळतो आणि ती ओळ तिथेच संपते. दाणे तीन-चार सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नयेत.

संवर्धक सोयाबीनसाठीचेच हवे. हरभऱ्याचे पाकीट शिल्लक आहे म्हणून तेच चोळले, तर काही उपयोग नाही. त्या पिकाचे जिवाणू वेगळे. शेतावर २५० ग्रॅमचे पाकीट दहा-बारा किलो बियाण्याला लागते. साठ दाण्यांचे वजन सात-आठ ग्रॅमच भरते, तेव्हा त्यांना चिमूटभर पुरे. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून थंड केलेल्या द्रावणाचे काही थेंब दाण्यांवर शिंपडायचे, संवर्धक हळुवार चोळायचे, सावलीत सुकवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. गरम गूळपाण्यात किंवा उन्हात जिवाणू मरतात, आणि पाकीट दुकानाच्या दारात उन्हात पडलेले असेल तर ते आधीच मेलेले असतात. मुलांच्या हातात रासायनिक बुरशीनाशक द्यायचे नाही. एक साधी गोष्ट नेहमी विसरली जाते: नुसत्या बियाण्याच्या दोन्ही ओळी आधी पेराव्यात आणि संवर्धकाची शेवटी. नाहीतर त्याच हातांनी जिवाणू तिन्ही ओळींत जातात आणि तुलनाच राहत नाही.

पेरणीनंतर चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे साधारण स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, प्रत्येक ओळीतली पाच झाडे काढायची. उपटायची नाहीत. उपटले की बारीक मुळे तुटतात आणि गाठी जमिनीतच राहतात. मुले म्हणतात, ‘गाठीच नाहीत.’ वाफा आदल्या दिवशी भिजवावा, झाडाभोवती वीतभर अंतरावर कुदळीने खोल घाव घालून मातीच्या ढेकळासकट झाड उचलावे आणि बादलीतल्या पाण्यात हलवत माती सोडवावी. मग गाठी मोजायच्या आणि त्यांतल्या मोठ्या पाच-सहा गाठी नखाने किंवा पात्याने मधोमध चिरायच्या. आत गुलाबी-लालसर रंग दिसला तर ती गाठ हवेतले नत्र बांधते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर ती अजून कामाला लागलेली नाही किंवा तिचे काम संपले आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनशी त्याचे नाते आहे, हे आठवीच्या मुलाला तिथल्या तिथे सांगता येते. चिरलेली गाठ थोड्याच वेळात तपकिरी पडते, म्हणून चिरली की लगेच भिंगातून पाहावी.

युरियाच्या ओळीत बहुधा झाडे हिरवीगार आणि गाठी कमी दिसतात. आयते नत्र मिळाले की झाड जिवाणूंना पोसत नाही. पण पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत फारसा फरक दिसेलच असे नाही. ज्या शिवारात वर्षानुवर्षे सोयाबीन होते, तिथल्या मातीत हे जिवाणू आधीच असतात. फरक दिसला नाही तर प्रयोग फसला असे समजून शिक्षकाने आकडे ‘दुरुस्त’ करू नयेत, आणि कृषीदूतांनी तर मुळीच करू नयेत. जे दिसले ते लिहावे. पूर्वी कधी सोयाबीन न झालेल्या जागेची दोन घमेली माती आणून कुंडीत हेच करून पाहिले, तर फरकाचे कारण मुले स्वतःच शोधतील.

मित्रकीटकांसाठी जुलैअखेर चवळीची एक ओळ मुद्दाम लावावी. चवळीवर मावा येतोच. तो आला की काहीही फवारायचे नाही, कडूनिंबाचा अर्कसुद्धा नाही. पाच झाडांना दोरा बांधून दर शनिवारी त्यांच्या शेंड्याच्या दहा सेंटीमीटरवरचा मावा आणि ढालकिडे मोजावेत. ढालकिड्याची अळी काळपट, लांबुळकी असते, तिच्यावर नारिंगी ठिपके असतात. लाल गोल ढालकिड्याशी तिचे काहीच साम्य नसल्यामुळे शेतकरी ती कीड समजून चिरडतो. ती मावा खाताना मुलांनी भिंगातून एकदा पाहिली की पुरे. पानावर बारीक तंतूच्या टोकाला चिकटलेली पांढरी अंडी दिसली तर ती क्रायसोपा या मित्रकीटकाची. तीही पुसून टाकायची नाहीत.

कीटकनाशकांबद्दल एकच धडा शाळेत घ्यावा, तोही बाटली न आणता, कागदावर रंगवून. प्रत्येक वेष्टनावरच्या चौकोनातला खालचा त्रिकोण रंगीत असतो. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, हे बजावून सांगावे लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने अनेक शेतकरी-शेतमजुरांचे जीव घेतले. घरात वेष्टनावरचे वाचू शकणारी व्यक्ती पुष्कळदा शाळेत जाणारे मूलच असते. रिकामे डबे पाण्याला किंवा धान्याला वापरायचे नाहीत, एवढे घरी सांगायला त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

मातीचा नमुना सुट्टीत अडकतो, पण त्याला वाट आहे. सोयाबीन काढल्यावर आणि हरभरा पेरण्याआधी, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, रान मोकळे असते. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा २० ते २२ सेंटीमीटर खोल खड्डा करावा, त्यातली माती टाकून द्यावी आणि कडेचा दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा काप वरपासून खालपर्यंत घ्यावा. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची आणि पाटाजवळची जागा सोडावी. सगळे काप एकत्र करून ढिगाचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे; अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचे. सावलीत वाळवायचे. खताच्या रिकाम्या पिशवीत नमुना भरला तर अहवालात त्या खताचाच अंश येतो. वर्गात करायचा सोपा प्रयोग म्हणजे बरणीत एक तृतीयांश माती आणि पाणी घालून हलवणे. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा तासा-दोन तासांत. काळ्या मातीचे पाणी मात्र चार दिवसांनीही गढूळच राहते. शिक्षकाला हे माहीत नसेल तर तो बरणी ओतून देतो. चिमूटभर तुरटी टाकावी, चिकणमाती खाली बसते. वाळलेल्या ढेकळावर व्हिनेगरचे थेंब टाकले आणि बुडबुडे आले, तर त्या मातीत चुनखडी आहे.

गांडूळखताबद्दल आमचे मत जरा कडक आहे. शाळेत पक्का हौद बांधून निधी खर्ची टाकण्यापेक्षा तो न बांधलेला बरा. ताजे शेण टाकले की त्याच्या उष्णतेने गांडुळे मरतात. शेण आणि पालापाचोळा पंधरा-वीस दिवस आधी कुजवून घ्यावा लागतो. लाल मुंग्या येतात, पावसाचे पाणी तुंबते आणि मे महिन्यात सगळे वाळून जाते. करायचेच असेल तर जुलैत सावलीला साधा ढीग लावावा, एप्रिलमध्ये मोडावा आणि गांडुळे गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला देऊन टाकावीत. परसबागेचेही तेच. मेथी-पालक सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकले तर महिना-सव्वा महिन्यात पोषण आहारात येतात. शेवगा आणि कढीपत्ता मात्र उन्हाळ्यातही जगवायचा असतो. त्याच्या पाण्याची जबाबदारी आहार शिजवणाऱ्या ताईंकडे किंवा बचत गटाकडे, त्याबदल्यात शेंगा-पाला त्यांचा, असे एप्रिलमध्येच ठरवून द्यावे. न ठरवता सोडलेली झाडे शेळ्या संपवतात.

हे सगळे शिक्षकाच्या डोक्यावर आणखी एक ओझे होऊ नये. द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक, चार-पाच वर्ग आणि वर शासनाच्या नाना माहित्या भरायच्या. म्हणून पंधरवड्यातून एक तास पुरे, आणि पहिलीपासून आठवीपर्यंत ‘आनंददायी शनिवार’ आहेच. शिक्षकांचे प्रशिक्षण सभागृहात पडद्यावर नको. एका तुकडीत पंचवीसच शिक्षक असावेत. जूनमध्ये एक दिवस, ऑगस्टमध्ये एक दिवस, दोन्ही दिवस प्रक्षेत्रावर आणि प्रत्येकाच्या हातात खुरपे. परत जाताना दहापट मोठे दाखवणारे भिंग, सरळ डबा आणि नळी, संवर्धकाचे एक पाकीट आणि दोनशे दाणे एवढे दिले तरी शाळेचे पहिले वर्ष निघते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात निसर्गशिक्षण हाती घेतले, तेव्हाही पत्रके मुख्यतः शिक्षकांसाठी काढली होती. आपल्याकडे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने शाळेतल्या मुलांना आठवड्यातला एक दिवस शेती आणि इतर कामे हाताने करायला लावून दाखवली. नमुन्यासाठी फार लांब जायची गरज नाही.

आता विद्यापीठांकडे मागणी. कृषीदूतांच्या प्रत्येक गटाला मुक्कामाच्या गावातली एक शाळा नेमून द्यावी. त्यांनी तिथे पाच वेळा जावे: शाळा उघडताच उगवण चाचणी आणि पर्जन्यमापकासाठी, मग पेरणीला, ऑगस्टमध्ये मुळे धुवायला, सप्टेंबरमध्ये मावा मोजायला आणि मुक्काम संपण्याआधी मातीच्या नमुन्याला. विद्यार्थ्यांच्या कार्यानुभवाचे मूल्यमापन करताना रॅलीच्या फोटोऐवजी शाळेतल्या मुलांनी स्वतः भरलेली नोंदवही तपासावी, आणि तिच्यातल्या खाडाखोडीला गुण कापू नयेत. गट जाताना ती वही शिक्षकाकडे राहावी. पुढच्या जूनमध्ये नवा गट आला की त्याला गेल्या वर्षीचा पाऊस, उगवणीचे टक्के आणि गाठींची संख्या त्याच वहीत मिळेल. संवर्धकाची पाकिटे मात्र शाळा उघडायच्या आत पोचावीत. ती ऑगस्टमध्ये आली तर पेरणी होऊन गेलेली असते.

कळावे.

आपले,
काही निवृत्त कृषी विस्तार कार्यकर्ते व शिक्षक, परभणी जिल्हा